अट क्रमांक एकशे सतरा

माझ्या भाषेचं नाव मी 'सांगड' ठेवलं तेव्हा पुण्यातल्या सहकाऱ्यांनी नाकं मुरडली. जगभरच्या कारखान्यांना विकायची भाषा आणि नाव असं? मी म्हटलं, जगाला सवय होईल. हट्टीपणा माझ्या रक्तातच आहे. तो मी भाषेतही उतरवला आणि त्या हट्टाने माझ्याच घरात काय केलं, ते सांगायला बसले आहे.

आधी भाषा समजावून देते, फार वेळ घेणार नाही. नेहमीच्या प्रोग्रॅमिंगमध्ये काम कसं करायचं ते संगणकाला पायरीपायरीने सांगावं लागतं. सांगडमध्ये फक्त काय चालेल आणि काय चालणार नाही, एवढं सांगायचं. लग्नाची पंगत घ्या. थोरल्या आत्या आणि धाकट्या काकू यांचं बोलणं बंद आहे, त्यांना शेजारी बसवायचं नाही. आजोबांचे गुडघे दुखतात म्हणून त्यांना खुर्ची हवी आणि खुर्च्या फक्त दाराजवळ आहेत. मामांना मानाची जागा हवी. या अटी आपण लिहायच्या, कोण कुठे बसेल ते यंत्र शोधतं. आजोबा दाराजवळ बसले की ती जागा बाकी सगळ्यांच्या यादीतून जाते. मग आत्यांना जागा कमी उरतात, त्यावरून काकूंना आणखी कमी. एका अटीचा धक्का दुसरीला लागत लाखो शक्यता गळून पडतात आणि उरलेल्या मोजक्या शक्यतांतून उत्तर सापडतं. उत्तर नसेलच, तर नेमक्या कोणत्या दोन-तीन अटी आपसांत भांडतायत, तेवढ्या सांगड काढून दाखवते.

अशा भाषा पन्नासेक वर्षं आहेत. त्यात माझी भर एकच. सांगडमध्ये प्रत्येक अटीला कारण द्यावं लागतं. 'मंगळवारी जड माल ओतायचा नाही' एवढंच लिहिलं तर ती घेत नाही. 'कारण मंगळवारी क्रेनची तपासणी असते' असं जोडलं की घेते आणि पुढे ते कारण सांभाळते. तपासणी सोमवारीच उरकली, तर मंगळवारची बंदी आपोआप उठते. कारखान्यांत निम्मे नियम असे असतात की त्यांचं कारण कधीच संपलेलं असतं आणि नियम मात्र रुबाबात उभा असतो. कारण समजलं की यंत्राला दुसरी वाटही काढता येते. या कल्पनेवर मी इतकी खूश होते की भेटेल त्याला ऐकवायची.

२०३७च्या दिवाळीनंतर मी सांगड घेऊन कोल्हापूरला आले, तिथल्या एका फाउंड्रीत बसवायला. विजेचा दर तोपर्यंत दर पंधरा मिनिटांनी बदलायला लागला होता. ऊन असेल तेव्हा स्वस्त, ढग आला की महाग. भट्टी कधी पेटवायची, कोणता साचा कधी भरायचा, कोणाला कुठे उभं करायचं, हे सगळं दर पंधरा मिनिटांनी नव्याने मांडावं लागे. माणसाच्या आवाक्यातलं काम ते राहिलं नव्हतं.

तरीही एक माणूस ते करत होतं. पद्मावती मगदूम, सगळ्यांची पद्माक्का. बत्तीस वर्षं तिथं प्लॅनिंग तिच्याकडे. टेबलाएवढा कागद, एक पेन्सिल आणि एक खोडरबर, एवढ्यावर तिने शंभर माणसांची फाउंड्री चालवली होती. मार्चमध्ये ती निवृत्त होणार होती. तिच्या डोक्यातले नियम सांगडमध्ये उतरवून घेणं, हे माझं काम.

याच फाउंड्रीत माझे वडील कामाला होते. भूपाल चौगुले, वय अठ्ठावन्न, ओतकामावर. क्रेनला टांगलेलं लॅडल, म्हणजे वितळलेल्या लोखंडाची ती मोठी पळी, हाताने तोलून साच्यात धार सोडायची. अडतीस वर्षांत त्यांच्या हातून धार तुटली नाही, असं लोक सांगत. साठीला ते निवृत्त होणार होते. आई सहा वर्षांपूर्वी गेली. मी बारा वर्षं पुण्यात. त्यामुळे हे काम मी मुद्दाम मागून घेतलं होतं. सहा महिने अण्णांजवळ राहायला मिळणार होतं.

पद्माक्काने दोन आठवड्यांत मला दोनशेबारा अटी सांगितल्या. प्रत्येक अटीला मी "कारण?" विचारायची आणि ती कधी हसून, कधी वैतागून सांगायची. एकशे सतरावी अट आली.

"भूपालला दिवस मावळल्यावर ओतकामावर लावायचं न्हाई."

"कारण?"

ती पेन्सिलीचं टोक बघत बसली. "तुझेच वडील हायत. तुला म्हाईत न्हाई व्हय?"

मला माहीत होतं. अख्ख्या फाउंड्रीला माहीत होतं. अण्णांचा नेम होता, सूर्यास्तानंतर खायचं नाही. आम्हा जैनांच्या घरांत तो अनेक जण पाळतात, पण अण्णांइतका कडक कोणी नाही. मी पाच-सहा वर्षांची असल्यापासून आमच्या घरची संध्याकाळ त्या नेमावर चालायची. साडेपाचला ताटं. जेवण झालं की अण्णा घरात. मग ते कुठे जायचे नाहीत, लग्नाला नाही, बाजाराला नाही. सहावीत माझं वक्तृत्वाचं भाषण होतं, शाळेच्या स्नेहसंमेलनात, संध्याकाळी सात वाजता. मी किती विनवण्या केल्या. अण्णा आले नाहीत. दुसऱ्या दिवशी ते लंगडत होते, न्हाणीघरात पाय घसरला म्हणाले. मी रागाने विचारलंही नाही दुखतंय का. देव मोठा की मी, असं आईला विचारलं होतं आणि आई पदर तोंडाला लावून आत गेली होती.

"नुसतं 'नको' लिहून चालत न्हाई का गं?" पद्माक्काने विचारलं.

"नाही अक्का. कारण नसेल तर ती अट घेतच नाही."

"हट्टी हाय तुझी भाषा."

"माझ्यावर गेलीय."

तिला हसू आलं नाही. मी कारण लिहिलं, 'सूर्यास्तापूर्वी जेवणाचा नेम', आणि एकशे अठराव्या अटीकडे वळले.

डिसेंबरच्या पहिल्या सोमवारी सांगडने पहिला खरा प्लॅन काढला. पंपांच्या सुट्या भागांची तातडीची मागणी होती आणि त्या दिवशी वाऱ्यावरची वीज संध्याकाळी सहा ते आठ सर्वांत स्वस्त होती. ओतकामाला माणूस कमी पडत होता. सांगडने काय केलं, तर अण्णांना पाच वीसला जेवणाची सुट्टी दिली आणि पावणेसहाला परत लॅडलवर उभं केलं, आठपर्यंत. सूर्यास्त पाच अठ्ठावन्नचा. कारण पाळलं गेलं होतं, अगदी काटेकोर. बत्तीस वर्षं पद्माक्काला जी वाट सुचली नव्हती, ती माझ्या भाषेने दोन सेकंदांत काढली. मॅनेजर हुक्केरींनी माझी पाठ थोपटली.

दुपारी मी अण्णांना प्लॅन दाखवला. "बघा अण्णा, तुमचा नेमही राहिला आणि मालही निघतोय."

त्यांनी पडद्यावर बराच वेळ नजर ठेवली. "बरं," म्हणाले. "हुशार केलीस भाषा." आणि हातमोजे घालून निघून गेले.

सव्वापाचला पद्माक्का माझ्या खोलीत आली. तिला मी कधी घाईत पाहिलं नव्हतं. "त्रिशला, भूपालचा प्लॅन मागं घे."

"का? एकही अट मोडलेली नाही."

"मी सांगते म्हणून घे."

"अक्का, कारण सांगा. कारण सांगितलं तर..."

"कारण, कारण! सगळ्याच गोष्टी काय तुझ्या यंत्राला सांगायच्या असत्यात का?" तिचा आवाज चिरकला. "जा, कँटीनच्या वाटेवर जाऊन उभी ऱ्हा. बोलू नकोस, नुसतं बघ. लॅडलवर मी दुसरा माणूस लावते."

मी गेले. खरं सांगायचं तर फणकाऱ्यानेच गेले. त्या दिवशी कँटीनला उशीर झाला होता. कँटीनमधून शेडकडे येणारा रस्ता भिंतीलगत आहे. सहा वाजून गेले होते, उजेड ओसरला होता, पण अंधार म्हणावा असा नव्हता. मला भिंतीवरची अक्षरं वाचता येत होती. अण्णा कँटीनमधून बाहेर आले. डाव्या हाताची बोटं भिंतीला टेकलेली, उजव्या हातात डबा. ते सावकाश, पावलं मोजल्यासारखे चालत होते. वाटेत कोणीतरी वाळूची ढकलगाडी ठेवली होती. भली मोठी, पिवळी. अण्णा सरळ तिच्यावर जाऊन आदळले.

डबा पडला. झाकण घरंगळत माझ्या पायाशी येऊन थांबलं. अण्णा गुडघ्यांवर बसले आणि हाताने जमीन चाचपायला लागले. डबा सापडला. मग झाकण शोधत ते पुढे सरकले, आणखी पुढे. मी चार फुटांवर उभी होते. माझ्या अंगात लाल स्वेटर होता, त्यांनीच घेतलेला. त्यांचा हात माझ्या बुटाला लागला आणि ते दचकले.

"कोण रं?" ते हसत म्हणाले, परक्या माणसाशी हसतात तसं. "जरा झाकण दे की."

मी झाकण उचलून त्यांच्या हातात दिलं. कसंबसं म्हटलं, "अण्णा."

त्यांनी झाकण डब्यावर दाबून बसवलं. मग हळूच म्हणाले, "तू हुतीस व्हय."

लॅडलवर पद्माक्काने दुसरा माणूस उभा केला होता. मी अण्णांना गाडीत घालून घरी आणलं. घरात शिरताच त्यांनी सवयीने एकेक बटण दाबलं आणि सगळे दिवे लागले. दर खोलीत दोन-दोन ट्यूब, पहिल्यापासून. मला वाटायचं, अण्णांना लख्ख उजेडाची हौस आहे.

"कधीपासून?" मी विचारलं.

"तू चालायला लागलीस त्याच्या आसपास. आधी चांदण्या गेल्या." ते खुर्चीत बसले. "मिरजेच्या डॉक्टरनं सांगितलं, डोळ्याचा पडदा हाय, औषध न्हाई. दिवसा दिसंल, अंधारात न्हाई. पुढं दिवसाबी कमी हुईल. आता बाजूचं दिसत न्हाई, समोरचं दिसतं, पर अंधार पडला की शेडातले दिवेबी पुरत न्हाईत."

"आणि नेम?"

"नेम खरा हाय." ते एकदम ताठ झाले. "नेमाचं खोटं न्हाई बोललो मी कुणाशी. आधी मुनिमहाराजांच्या पुढं जाऊन नेम घेतला आणि मग लोकांना सांगितलं, माझा नेम हाय. तुझ्या आईनं आणि पद्मीनंच काढली ही वाट. कळलं असतं तर नोकरी गेली असती. आणि रक्तातला आजार हाय म्हटल्यावर तुला कुणी केली असती का?"

मला कोणी 'केली' नाहीच, मी लग्नच केलं नाही, पण तो वादाचा विषय त्या दिवशी आम्ही दोघांनीही काढला नाही. (माझे डोळे मी नंतर तपासून घेतले. ठणठणीत आहेत.)

मला एकामागून एक सगळं आठवायला लागलं. लहानपणी रोज वीज जायची. वीज गेली की अण्णा असतील तिथंच बसायचे आणि मला हाक मारून मांडीवर घ्यायचे. दिवे येईपर्यंत हलायचे नाहीत, गोष्टी सांगत राहायचे. मला वाटायचं, किती लाड करतात माझे. मी ते त्यांना सांगितलं.

"मग लाडच हुते ते," अण्णा म्हणाले. "डोळ्याचं आपलं निमित्त."

मी रडले. उघडउघड, लहान मुलीसारखी. ते उठले, माझ्यापर्यंत आले, आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "मी आल्तो त्या दिवशी."

"कुठल्या दिवशी?"

"तुझ्या भाषणाला. आईला न सांगता निघालो. म्हटलं, मैदानावर दिवे असत्याल. पर फाटकापास्नं मंडपापतूर मिट्ट काळोख. मंडपाच्या दोरीत पाय अडकला आणि पडलो खड्ड्यात. उठायला येईना. मग तितंच बसून ऐकलं. कर्ण्यातनं सगळं येत हुतं. मधी अडकलीस तू. 'यंत्रयुगात माणसाने' म्हणालीस आणि गप्प. माझा जीव खालीवर. मग परत सुरू झालीस. मी टाळी वाजवली, लई जोरात. तुला कुठनं ऐकू येणार."

पंचवीस वर्षं मी ज्या रागाला जपलं होतं, त्याचं कारणच खोटं निघालं. राग मात्र रुबाबात उभा होता. कारणं सांभाळणारी भाषा मी काढली आणि स्वतःचं एकही कारण तपासून पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पद्माक्का आणि मी प्लॅनिंगच्या खोलीत बसलो. तिने कडी लावून घेतली.

"ऐक," ती म्हणाली. "दीड-पावणेदोन वर्षांचा सवाल हाय. तुझी भाषा, तुझ्या हातात. ह्या एका अटीला कारण लागू नये, असं कर. मी बत्तीस वर्षं सांभाळलं, आता तुझं यंत्र सांभाळील."

मला ते पाच मिनिटांत जमलं असतं. एक छोटीशी पळवाट, ज्या अटीवर माझी खूण असेल तिला कारण विचारायचं नाही. मी बोटं कीबोर्डवर ठेवलीही. खरं लिहिलं तर अण्णांचं लॅडल जाणार होतं, कदाचित नोकरीही. न लिहिलं तर कारण नसलेली एक अट मागे राहणार होती. पद्माक्का मार्चमध्ये घरी, मी मेमध्ये पुण्याला. पुढे कधीतरी कोणी नवा प्लॅनर म्हणणार, ही अट कशासाठी आहे कोणालाच माहीत नाही, काढून टाका. आणि अण्णा 'बरं' म्हणून लॅडलवर जाऊन उभे राहणार. काल राहिलेच असते.

"अक्का, हे मी ठरवायचं नाही," मी म्हटलं. "तुम्हीही नाही."

अण्णांना बोलावलं. मी दोन्ही वाटा त्यांच्यापुढे मांडल्या, काही न लपवता. त्यांनी हातमोजे काढून मांडीवर ठेवले आणि त्यांच्या शिवणीवरून बोट फिरवत राहिले.

"काल धार सोडली असती तर समोर माझ्या हाताखालचा पोरगा, रमजानचा ल्योक उभा असता," ते शेवटी म्हणाले. "लिही."

"काय लिहू?"

"भूपाल चौगुलेला अंधारात दिसत न्हाई. आणि फुडं लिही, हे त्याच्या लेकीला म्हाईत हाय."

मी जसंच्या तसं लिहिलं. सांगडला दुसऱ्या वाक्याचा काही उपयोग नव्हता, पण तिने ते ठेवून घेतलं.

खरं कारण मिळताच तिने एकशे सतरावी अट नव्याने तपासली. पडद्यावर तांबड्या अक्षरांत ओळी उमटल्या आणि पद्माक्काने चष्मा चढवला. संध्याकाळ तर सांगडने बंद केलीच, पण डिसेंबर आणि जानेवारीतल्या पहिल्या पाळ्याही अडवल्या. सकाळी सहा ते सव्वासात, कारण उजेड नाही.

पद्माक्काचा चेहरा पडला. "अगं बाई. हिवाळ्यात सकाळीबी अंधारच की. मी दरवर्षी त्याला सहाची पाळी देत आले. म्हटलं, संध्याकाळ टळली म्हंजे झालं." ती अण्णांकडे वळली. "भूपाल, तू बोलला न्हाईस कवा?"

"तू माझ्यासाठी एवढं करत हुतीस. त्यात आणि हे कुठं सांगू," अण्णा म्हणाले. "भिंत हुती की धरायला. लोखंड वितळंपतूर उजाडायचं."

पद्माक्काने डोळे पुसले, मग त्याच रुमालाने उगाच टेबल पुसलं.

हुक्केरी भडकले. त्यांचं चुकलं नाही. इतकी वर्षं आपल्याला अंधारात ठेवलं, काही झालं असतं तर जबाबदार कोण, असं अर्धा तास चाललं. पद्माक्का म्हणाली, जबाबदार मी, मला आजच घरी पाठवा. मग ते जरा निवले. तोवर मी सांगडला विचारलं होतं, हा माणूस, हे डोळे, ही अडतीस वर्षं. जागा कुठे आहे? तिने दोन जागा काढल्या. त्यातली एक नमुन्याच्या टेबलाची. प्रत्येक भट्टीतून थोडं लोखंड काढून त्याची चकती ओततात, थंड करून तोडतात आणि तुटलेल्या कडेवरून माल कसा आहे ते ओळखतात. लख्ख दिव्याखाली, नाकासमोर धरून बघायचं काम. वेळ साडेआठ ते साडेपाच.

हुक्केरींनी मान्य केलं, पण लॅडल त्याच दिवशी काढून घेतलं. अण्णांनी दांडीवरून एकदा हात फिरवला आणि ती रमजानच्या मुलाच्या हाती दिली. मला वाटलं होतं, सगळं सुटल्यावर मला आनंद होईल. झाला नाही. दिवसभर मी त्यांच्या टेबलाकडे बघायचं टाळत होते.

त्या संध्याकाळी पहिली चकती नीट जमेना म्हणून अण्णा कँटीनमध्ये वेळेत जेवून पुन्हा टेबलाशी रेंगाळले. आम्ही निघालो तेव्हा सहा वाजून वीस मिनिटं झाली होती. शेडच्या दारात ते थबकले. डावा हात भिंतीकडे गेला आणि अर्ध्यावरच थांबला. मग तो माझ्या खांद्यावर आला. जड हात, भट्टीने भाजून खरखरीत झालेला.

पाळी बदलत होती. फाटकाशी तीस-चाळीस माणसं होती, सगळी अण्णांना ओळखणारी. वॉचमन पुढे आला.

"काय झालं वो भूपालअण्णा? पोरीला धरून चालताय? तब्येत बरी हाय न्हवं?"

खांद्यावरचा हात जरा घट्ट झाला. मला वाटलं, आता अण्णा म्हणणार, पाय मुरगळलाय.

"तब्येतीला काय धाड भरलीया," अण्णा मोठ्याने म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "अंधार पडला की मला दिसत न्हाई. पोरगी हाय संगं."